बिघडलेली लेन्स: दुरुस्त करावी की बदलावी?

कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये तीन प्रकारचा माल एकाच नळीत दाटीवाटीने बसवलेला असतो. पहिला काचेचा. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्समध्येही दहा-बारा भिंगे असतात, आणि कॅननच्या ७०-२०० मिमी एफ/२.८ एल आयएस २ या व्यावसायिक झूममध्ये ती २३ होतात. दुसरा यंत्राचा: माउंट, झूम आणि फोकसच्या रिंगा, आणि त्या फिरवल्या की भिंगांचे गट ठरलेल्या वाटेने पुढेमागे सरकवणाऱ्या, तिरप्या खाचांच्या नळ्या. तिसरा विजेचा: फोकसची मोटर, अ‍ॅपर्चरची मोटर, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर, सर्किट बोर्ड आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या पातळ, लवचीक फ्लेक्स पट्ट्या. लेन्स बिघडते म्हणजे यांपैकी काहीतरी एक बिघडते, आणि ते नेमके काय यावर दुरुस्तीचा निम्मा निर्णय ठरतो. विजेचा बिघाड सुटा भाग मिळाला की बहुधा पुरता निघतो. यंत्राचा बिघाड निघतो, पण भिंगांची जुळणी पुन्हा तंतोतंत साधणारा हात लागतो. काचेचे नुकसान मात्र पुसता येत नाही. भिंग बदलावे लागते, आणि तिथे खर्च झपाट्याने वाढतो.

उरलेला निम्मा निर्णय पैशांचा. इथे बहुतेक जण दुरुस्तीचा खर्च नव्या लेन्सच्या किमतीशी ताडून पाहतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. दुरुस्त झालेली लेन्स नवी होत नाही. ती चालू स्थितीतली जुनी लेन्स होते. म्हणून तुलना करायची ती त्याच मॉडेलच्या चांगल्या, वापरलेल्या लेन्सच्या बाजारभावाशी. समजा, एखादी लेन्स सेकंडहँड बाजारात ३०,००० रुपयांना मिळते, तिच्या दुरुस्तीला ९,००० सांगितले आहेत आणि बिघडलेल्या अवस्थेत ती सुट्या भागांसाठी ५,००० ला जाईल. बदलण्याचा खरा खर्च २५,००० झाला. दुरुस्ती उघडच परवडते. तोच हिशेब ४,००० ला जुनी मिळणाऱ्या किट लेन्सला लावला आणि दुरुस्तीला ३,००० पडणार असतील, तर हजार रुपये वाचवण्यासाठी खोललेली लेन्स पदरात घेण्यात अर्थ नाही. दुरुस्तीचा खर्च त्या जुन्या भावाच्या निम्म्यापुढे गेला की थांबून विचार करावा, हा ढोबळ नियम बऱ्याच वेळा लागू पडतो. तो नियम कुठे मोडावा, हे पुढे येईलच.

पण या सगळ्याच्या आधी बिघाड लेन्सचाच आहे ना, हे पाहावे लागते. ती लेन्स दुसऱ्या बॉडीवर आणि दुसरी लेन्स आपल्या बॉडीवर लावून पाहणे, ही दोन मिनिटांची तपासणी हजारो रुपये वाचवते. मित्राकडे किंवा दुकानात बॉडी मिळत नसेल, तर निदान माउंटवरचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत. कॅननच्या डीएसएलआरवर येणारा ‘एरर ०१’ लेन्स आणि कॅमेरा यांचे बोलणे तुटल्याचे सांगतो, आणि कधीकधी तो एवढ्या पुसण्यानेही जातो. फोटोत आकाशावर सतत एकाच जागी काळसर ठिपके येत असतील, तर दोष जवळजवळ नेहमी सेन्सरवरच्या धुळीचा असतो. लेन्सच्या आत गेलेली धूळ फोटोत ठिपक्याच्या रूपाने दिसत नाही. झूम लेन्स लांब-आखूड होताना हवा आत ओढते, तिच्याबरोबर धूळही जाते, आणि ती काढण्यासाठी चांगली चालणारी लेन्स खोलून घेणे हा पैशांचा अपव्यय आहे.

काही गोष्टी बिघाडासारख्या दिसतात, पण बिघाड नसतात. फुजीफिल्मची एक्सएफ ९० मिमी एफ/२ कॅमेरा बंद असताना हलवली की आत काहीतरी सुटल्यासारखी खडखडते. तिचा फोकसचा गट लिनियर मोटरवर तरंगता असतो आणि वीज नसताना मोकळा सरकतो, इतकेच त्याचे कारण. कॅमेरा चालू केला की आवाज थांबतो. स्टॅबिलायझर असलेल्या काही लेन्सही अशाच वाजतात. खाली तोंड केल्यावर झूम आपोआप बाहेर घसरणे, हाही जड झूमचा स्वभाव आहे.

विजेच्या बिघाडाचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. कॅननची २४-१०५ मिमी एफ/४ एल आयएस ही लेन्स २००५ साली आली आणि लग्नांपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे चालली. तिच्यात अ‍ॅपर्चरचा संच झूमबरोबर पुढेमागे सरकतो, आणि त्याला वीज पोचवणारी फ्लेक्स पट्टी प्रत्येक झूमला घडी होते, उलगडते. काही वर्षांनी त्या घडीवर तांब्याची रेघ तुटते. मग लक्षण मोठे फसवे दिसते: एफ/४ वर फोटो व्यवस्थित निघतात, एफ/८ केले की ‘एरर ०१’. एफ/४ म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे. तिथे पात्यांना हलावेच लागत नाही, त्यामुळे तुटलेली पट्टी लक्षात येत नाही. ही तपासणी घरीच होते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून एक फोटो, मग एफ/८ आणि एफ/११ वर झूमच्या वेगवेगळ्या टप्प्यांत आणखी काही. चूक फक्त बारीक अ‍ॅपर्चरला येत असेल, तर काच आणि मोटर शाबूत आहेत, अ‍ॅपर्चरचा संच किंवा त्याची पट्टी गेली आहे, असे समजायला हरकत नाही. अशा दुरुस्तीत सुटा भाग फार महाग नसतो, पैसे जातात ते मेकॅनिकच्या वेळेचे. त्यामुळे चांगल्या लेन्सवर हा खर्च करावा.

अ‍ॅपर्चरचे आणखी एक दुखणे जुन्या लेन्समध्ये आढळते. फोकसच्या आट्यांतले ग्रीस उन्हाळ्यात पातळ होते, तेल पात्यांवर उतरते आणि पाती जड होतात. डीएसएलआरमध्ये अ‍ॅपर्चर फोटो निघण्याच्या क्षणीच बंद होते. तेलकट पाती वेळेत बंद झाली नाहीत, की एफ/११ चा फोटो भगभगीत पांढरा येतो आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला मात्र उजेड बरोबर असतो. पाती धुऊन कोरडी करणे हे जाणत्या मेकॅनिकचे नेहमीचे काम आहे. पात्यांना तेल लागले म्हणून लेन्स फेकून द्यायची, असे कोणी सांगितले तर दुसरा मेकॅनिक शोधावा.

पडलेल्या लेन्सची तपासणी नीट करावी लागते, कारण ती वरून चांगली दिसून आतून वाकडी असू शकते आणि याच्या उलटही होऊ शकते. पुढचा यूव्ही फिल्टर चुरा झालेला, त्याची कडी वाकून अडकलेली, आणि खालची काच मात्र ओरखडाही नसलेली, हे दृश्य दुरुस्तीच्या टेबलावर नेहमीचे आहे. वाकलेली फिल्टरची कडी सरळ करण्याचे हत्यार मिळते. हे काम स्वस्तात होते. किट लेन्सचे प्लॅस्टिकचे माउंट पडल्यावर तुटते, पण ते चार-पाच स्क्रूंवर बसवलेले असते आणि बदलता येते. कॅननच्या १९९० च्या ५० मिमी एफ/१.८ २ या लेन्सचे माउंट प्लॅस्टिकचे होते, आणि २०१५ मध्ये तिच्या जागी आलेल्या एसटीएम लेन्सला कंपनीने धातूचे माउंट दिले. या लेन्सची किंमत मात्र एवढी कमी आहे की मोटर किंवा नळी गेली तर दुरुस्तीच्या भानगडीत पडण्यापेक्षा दुसरी घेणेच शहाणपणाचे.

आतून वाकडी झालेली लेन्स ओळखायची कशी? वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान भिंतीवर ताणून चिकटवावे, कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर त्याच्या समोर, भिंतीला समांतर ठेवावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे करावे आणि मधल्या अक्षरांवर फोकस करून फोटो घ्यावा. मग संगणकावर चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील, तर तो लेन्सचा स्वभाव. उजवीकडची अक्षरे वाचता येतात आणि डावीकडची विरघळलेली दिसतात, असे असेल तर कॅमेरा तिरका नव्हता ना हे पाहून पुन्हा फोटो घ्यावा, आणि तरीही तेच आले तर एखादे भिंग मधल्या अक्षावरून सरकले आहे किंवा कलले आहे. एफ/८ वर हा दोष बराचसा लपतो. म्हणूनच विकणारा माणूस एफ/८ चे नमुने दाखवतो. सरकलेले भिंग जागेवर आणण्यासाठी कारखान्यातल्यासारखी प्रकाशीय मापनाची साधने लागतात. अमेरिकेतल्या ‘लेन्सरेंटल्स’ या भाड्याने लेन्स देणाऱ्या कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी असंख्य लेन्स खोलून त्यांची आतली रचना लोकांसमोर मांडली आहे. तीत दिसते की बऱ्याच लेन्समध्ये काही भिंगे पातळ चकत्या घालून किंवा एका बाजूला सरकणाऱ्या कड्या फिरवून जुळवलेली असतात. ती जुळणी अंदाजाने होत नाही. मग पडलेल्या लेन्सचे दोन वर्ग उरतात: ज्यांत केवळ बाहेरचा भाग मोडला त्या कुठेही दुरुस्त करून घ्याव्यात, ज्यांची जुळणी गेली त्या कंपनीच्या सेवा केंद्रात द्याव्यात किंवा सोडून द्याव्यात. अर्धवट जुळवलेली महाग लेन्स हा सर्वांत वाईट सौदा असतो, कारण पैसे जातात आणि भरवसाही जातो.

ओरखड्यांबद्दल भीती जरुरीपेक्षा जास्त आहे. पुढच्या भिंगावरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत दिसतच नाही. तो फोकसच्या फार बाहेर असतो. समोरून उजेड आला तर थोडा धुरकटपणा येईल, तोही प्रत्येक वेळी नाही. मागच्या, म्हणजे सेन्सरजवळच्या भिंगावरचा ओरखडा मात्र जास्त त्रास देतो. पुढचा ओरखडा असलेली लेन्स स्वतःची असेल तर वापरत राहावी, आणि दुसऱ्याची असेल तर भाव पाडून घ्यावी.

कोकण, गोवा आणि मुंबईच्या पट्ट्यात लेन्सचा खरा शत्रू बुरशी आहे. छायाचित्रकार तिला फंगसच म्हणतात. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, लेन्स बॅगेत बंद असते, आणि भिंगावरच्या धुळीवर, तेलकट थरावर बुरशीचे बीजाणू वाढू लागतात. आधी एक-दोन पांढरे ठिपके, मग त्यांच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. ते पाहण्यासाठी अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्चचा उजेड तिरका टाकावा आणि दुसऱ्या टोकाकडून पाहावे. कॅननच्या ईएफ लेन्सचे अ‍ॅपर्चर सुट्या अवस्थेत उघडे असते. निकॉनच्या एफ माउंटच्या बहुतेक लेन्समध्ये ते बंद राहते, त्यामुळे मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून धरावी लागते. हे न केल्याने जुनी निकॉन लेन्स घेताना आतली बुरशी अनेकांच्या नजरेतून सुटते.

थोड्या बुरशीने फोटो बिघडत नाही. ती पसरली की कॉन्ट्रास्ट पडतो आणि समोरच्या उजेडात चित्र धुरकट होते. साफ करायची की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते. बुरशी पहिल्या किंवा शेवटच्या भिंगावर असेल, तर मेकॅनिक तो गट सोडवून पुसून देतो आणि खर्च माफक राहतो. झूमच्या पोटात, स्टॅबिलायझरच्या मागे असेल, तर जवळजवळ सगळी लेन्स खोलावी लागते. मग खोलण्याचे पैसे लागतात आणि जुळणी बिघडण्याची जोखीमही घ्यावी लागते. तिसरी गोष्ट वेळेची. बुरशीतून निघणारी आम्ले भिंगावरचे लेप आणि कालांतराने काचही खातात. पुसल्यावर बुरशी जाते, तिचा नक्षीदार डाग मात्र राहतो, आणि त्यावर इलाज नाही. म्हणून पावसाळ्यानंतर लगेच दिसलेली बुरशी त्याच महिन्यात काढून घेणे आणि दोन वर्षे तशीच ठेवून मग नेणे यांत लेन्स वाचण्या-न वाचण्याचा फरक पडतो. दोन चिकटवलेल्या भिंगांच्या मध्ये ती शिरली असेल, किंवा तिथला चिकट थर सुटून काठाशी इंद्रधनुषी वलये दिसत असतील, तर दुरुस्तीचा नाद सोडावा.

बुरशी मारण्यासाठी लेन्स उन्हात ठेवण्याचा घरगुती उपाय सांगितला जातो. अतिनील किरणांनी वाढ थांबू शकते, पण काच त्यातला बराच भाग अडवते आणि मेलेली बुरशी जागेवरच राहते. शिवाय भिंगातून गेलेले ऊन मागे एका बिंदूवर एकवटते. खालचे कापड पेटू शकते, अ‍ॅपर्चरची पाती जळू शकतात. एका दोषावर मात्र अतिनील प्रकाश हाच इलाज आहे. १९६०-७० च्या काळातल्या काही लेन्समध्ये, उदाहरणार्थ पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात भिंगांच्या आवृत्तीत, थोरियमयुक्त काच वापरलेली आहे आणि ती वर्षानुवर्षांत चहाच्या रंगाची पिवळी पडते. काही दिवस अतिनील दिव्याखाली ठेवली की पिवळेपणा बराचसा उतरतो. फुकटची म्हणावी अशी ही एकच दुरुस्ती.

पाण्यात पडलेल्या लेन्सचा निकाल लवकर लागतो. गोडे पाणी असेल आणि लेन्स कॅमेऱ्यावरून तत्काळ काढून, एकदाही चालू न करता, एक-दोन दिवसांत मेकॅनिककडे पोचली तर आशा असते. समुद्राचे पाणी आत गेले असेल तर मीठ सर्किट आणि मोटर खात राहते. आज चाललेली लेन्स दोन महिन्यांनी बंद पडते. त्या लेन्सवर मोठा खर्च करू नये. तांदळाच्या डब्यात लेन्स पुरून ठेवण्याने तांदळाची पूड तेवढी आत जाते. किनाऱ्यावरची वाळू रिंगांमध्ये गेली असेल आणि फिरवताना करकर वाजत असेल, तर रिंग फिरवणे तिथेच बंद करावे. प्रत्येक फेऱ्याला आटे घासले जातात आणि साफसफाईचे काम भाग बदलण्याचे होऊन बसते.

कुठल्या लेन्सवर निम्म्या किमतीचा नियम मोडावा? जिचा पर्याय बाजारात मिळत नाही, तिच्यावर. सत्तरच्या दशकातल्या निकॉर किंवा रशियन हेलिओससारख्या पूर्ण हाताने चालणाऱ्या लेन्समध्ये वीज नाही, मोटर नाही. त्या खोलून, धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा अनेक वर्षे चालतात. ज्यात जास्त यंत्र आणि कमी वीज, ती लेन्स दुरुस्तीला जास्त लायक, असे म्हणायला हरकत नाही. उलट, आजच्या महाग लेन्सचे आयुष्य सुट्या भागांवर अवलंबून आहे. जपानी कंपन्या मॉडेल बंद झाल्यावर भागांचा साठा काही वर्षेच ठेवतात, बहुधा सातच्या आसपास. त्यानंतर मेकॅनिक दुसऱ्या मृत लेन्समधला भाग काढून घालतो. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा दिल्लीत चांदणी चौकाजवळ बंद पडलेल्या लेन्सना गिऱ्हाईक मिळते ते याचमुळे. कॅननने २०१४ मध्ये १० कोटी ईएफ लेन्सचा टप्पा ओलांडला, त्यामुळे या लेन्सचे सुटे भाग अजून बराच काळ मिळत राहतील. कमी खपलेल्या मॉडेलच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही.

भाग मिळण्या-न मिळण्यात कंपन्यांच्या धोरणाचाही वाटा आहे. निकॉनने २०१२ मध्ये अमेरिकेत अधिकृत नसलेल्या दुरुस्ती दुकानांना सुटे भाग विकणे थांबवले, आणि मार्च २०२० मध्ये तिथला अधिकृत दुरुस्ती दुकानांचा कार्यक्रमही बंद केला. भारतात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची क्षेत्रे.

बदलायचे ठरले तर पुढच्या कॅमेऱ्याचाही विचार त्यातच करावा. २०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड हे मिररलेस कॅमेऱ्यांचे माउंट आणले, आणि डीएसएलआरच्या जुन्या लेन्सचे भाव खाली आले. त्याचा अर्थ त्या निकामी झाल्या असा नाही. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो, पण बॉडीतल्या स्क्रूने फिरणाऱ्या एएफ-डी लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. तेव्हा एएफ-डी लेन्सवर मोठा खर्च करण्याआधी मालकाने आपण डीएसएलआर किती वर्षे वापरणार, हे स्वतःला विचारावे. व्यावसायिकाचा हिशेब आणखी वेगळा असतो. लग्नसराईत लेन्स तीन आठवडे सेवा केंद्रात पडून राहणार असेल, तर तेवढ्या दिवसांचे लेन्सचे भाडेही दुरुस्तीच्या खर्चात धरावे लागते. विमा असेल तर लेन्स खोलण्याआधी विमा कंपनीला कळवावे. वॉरंटीत पडणे, पाणी आणि बुरशी सहसा बसत नाहीत.

लेन्स घरी खोलण्याचा मोह अनेकांना होतो. जपानी लेन्समधले स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. साध्या पेचकसाने त्यांची डोकी घासली जातात, आणि मग मेकॅनिकला स्क्रू कोरून काढावे लागतात. हात साफ करायचा असेल तर बंद पडलेली जुनी किट लेन्स घ्यावी. चालू करायची आहे ती लेन्स दुरुस्तीला देताना सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्यावा, पुढच्या-मागच्या काचेचे फोटो काढून ठेवावेत, बदललेले भाग परत मागावेत, आणि मजुरी, भाग, १८ टक्के जीएसटी व दुरुस्तीवरची हमी किती दिवसांची हे सगळे वेगवेगळे लिहिलेले एस्टिमेट हातात आल्याशिवाय होकार देऊ नये.